‘राखीव’ शब्दाचे दोन अर्थ आणि न उघडणारी संकेतस्थळे

१

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तर टोकास, गुजरातच्या सीमेला लागून, डहाणू व तलासरी हे दोन तालुके आहेत. दोन्ही तालुके संपूर्णतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि त्यांतील बहुसंख्य वस्ती वारली व अन्य आदिवासी समाजांची आहे. येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावा लागतो. शेतकऱ्यास सातबाराचा उतारा महाभूलेखावर पाहता येतो. सारांश, एखादे संकेतस्थळ उघडणे वा न उघडणे हा या भागात केवळ सोयीचा प्रश्न उरलेला नाही. अर्जाची मुदत टळली तर वर्षाचा खर्च बुडतो, आणि उतारा मिळाला नाही तर तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक खेप घालावी लागते.

संकेतस्थळ न उघडण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक कारण असे आहे की, त्याचा इतिहास भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावा. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा यंत्रसामग्री व अन्य आज्ञावली यांच्यामध्ये मध्यस्थी करतो, त्यास ‘कर्नेल’ म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतलेला ‘लिनक्स’ हा असाच एक कर्नेल होय. जगातील बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात. इतकेच नव्हे, तर अँड्रॉइड पद्धतीच्या प्रत्येक मोबाइल फोनच्या तळाशी लिनक्सच असतो. ज्याने लिनक्सचे नावही ऐकलेले नाही असा तलासरीचा विद्यार्थीदेखील, अँड्रॉइडचा फोन हाती घेताच, लिनक्सचा उपयोगकर्ता झालेला असतो.

या कर्नेलच्या नव्या आवृत्त्या वारंवार निघतात. नवी आवृत्ती बसविल्यावर कधीकधी एक चमत्कारिक अनुभव येतो. बहुतेक सर्व संकेतस्थळे पूर्ववत् उघडतात. परंतु मोजकी दोनचार मात्र काही केल्या उघडत नाहीत. जुना कर्नेल पुन्हा सुरू केला की तीही उघडतात. अशा वेळी दोष नव्या आवृत्तीचा आहे, हे अनुमान कोणीही सहज काढील. परंतु २००१ ते २००६ या काळात अशी जी दोन प्रमुख प्रकरणे गाजली, ती तपासून पाहता हे अनुमान अपुरे ठरते. या प्रकरणांत नव्या कर्नेलने नियमभंग केलेला नव्हता. वाटेवरील मध्यस्थ यंत्रांनी जुन्या नियमाचा अर्थ निराळा लावला होता. आणि पहिल्या प्रकरणात तर सारा वाद ‘राखीव’ या एका शब्दाभोवती व कर्ता नसलेल्या एका वाक्याभोवती फिरत होता.

२

‘राखीव’ या शब्दाचे अर्थ ज्यांनी स्वतःच्या आयुष्यात भोगले, अशांमध्ये डहाणू व तलासरी येथील लोकांचा समावेश होतो. म्हणून मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी त्या शब्दाचा तेथील इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट होईल.

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने सरकारी जंगलांचे राखीव, संरक्षित व ग्रामवन असे वर्ग पाडले. पहिल्या दोहोंतील भेद जंगल खात्याच्या व्यवहारात एका सूत्राने सांगितला जातो. संरक्षित जंगलात ज्याची मनाई केलेली नाही ते सर्व करता येते. राखीव जंगलात ज्याची परवानगी दिलेली नाही ते काहीच करता येत नाही. म्हणजे कायदा ज्या गोष्टीविषयी मौन पाळतो, त्या मौनाचा अर्थ एका ठिकाणी ‘मुभा’ असा होतो व दुसऱ्या ठिकाणी ‘बंदी’ असा होतो. भातशेतीसाठी पालापाचोळा व फांद्या जाळून राब करणाऱ्या शेतकऱ्यास हा भेद कागदावरचा नव्हता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत जंगलविषयक तक्रारी इतक्या वाढल्या की, मुंबई सरकारला १८८५ साली त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १९२७ च्या कायद्यातही राखीव जंगलाची कल्पना कायम राहिली.

याच शब्दाचा दुसरा अर्थ स्वातंत्र्योत्तर काळात रूढ झाला. डहाणू विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. येथे ‘राखीव’ म्हणजे कोणीतरी येईल म्हणून जपून ठेवलेली, त्याच्या हक्काची जागा. पहिल्या अर्थात जागा राखली जाते ती लोकांपासून. दुसऱ्या अर्थात राखली जाते ती लोकांसाठी. शब्द एकच, परंतु ‘पासून’ व ‘साठी’ या दोन शब्दयोगी अव्ययांत जितके अंतर आहे तितके त्याच्या दोन अर्थांत आहे. संगणकजालाच्या इतिहासात नेमका हाच भेद दुर्लक्षिला गेला.

३

संगणकजालावरील दोन यंत्रांचे संभाषण ज्या संकेतांनी चालते, त्यांपैकी टीसीपी हा प्रमुख होय. त्याची प्रमाण संहिता जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली सप्टेंबर १९८१ मध्ये ‘आर.एफ.सी. ७९३’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. मजकुराचे लहान लहान भाग करून प्रत्येक भाग एकेका पॅकेटातून पाठवावयाचा, आणि प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी ठरावीक रचनेचा एक शीर्षभाग जोडावयाचा, अशी ही पद्धत आहे. पाकिटावर जसा पत्ता, तसा पॅकेटावर शीर्षभाग. या शीर्षभागात संहिताकारांनी सहा बिटे मोकळी सोडली, आणि त्यांविषयी दोनच गोष्टी सांगितल्या: ती पुढील उपयोगासाठी राखीव आहेत, आणि त्यांचे मूल्य शून्य असले पाहिजे.

या दुसऱ्या विधानात कर्ता नाही. मूल्य शून्य असले पाहिजे, हे कर्तव्य कोणाचे? पॅकेट पाठविणाराने तेथे शून्य लिहावे, एवढाच अर्थ अभिप्रेत असेल, तर स्वीकारणाराने त्या जागेकडे पाहण्याचे कारण नाही. पण तेच विधान स्वीकारणारासही लागू धरले, तर शून्येतर मूल्य असलेले प्रत्येक पॅकेट नियमबाह्य ठरते व त्यास हाकलून देणे हे कर्तव्य होऊन बसते. मराठीत ‘येथे काही लिहू नये’ अशी सूचना अर्जाच्या तळाशी छापलेली असते. ती अर्जदारासाठी असते. अर्ज तपासणाऱ्या लेखनिकाने तेथे काही लिहिलेले आढळताच अर्ज फाडून टाकावा, असा तिचा अर्थ कोणी करीत नाही. तो अर्थ वाक्यात नसतो, व्यवहारात असतो. १९८१ साली हा व्यवहार मूठभर विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्यापुरता होता, आणि त्याच संहितेत पोस्टेल यांनी असेही सुचविले होते की, स्वतः पाठविताना काटेकोर असावे व दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. त्या उदारतेच्या वातावरणात कर्त्याचा अनुल्लेख कोणास खटकला नाही.

पुढे जाल विस्तारले. दोन टोकांच्या यंत्रांमध्ये फायरवॉल व भारवाटपाची यंत्रे येऊन बसली. त्यांचे काम पहारेकऱ्याचे होते, आणि पहारेकऱ्याच्या दृष्टीने उदारता हा गुण नव्हे. शिवाय त्यांच्या संशयास आधारही होता. समोरचे यंत्र कोणत्या जातीचे आहे हे हुडकण्यासाठी टेहळणीची काही साधने राखीव बिटे मुद्दाम लावून पॅकेटे पाठवीत असत. तेव्हा राखीव बिट लागलेले दिसताच पॅकेट टाकून द्यावे, अशी योजना काही उत्पादकांनी केली. ज्या जागेचा अर्थ ‘पुढे येणाऱ्यासाठी राखलेली’ असा होता, तिचा अर्थ ‘प्रवेश बंद’ असा झाला. हा बदल कोणी जाहीर केला नाही, आणि तो झाल्याचे अनेक वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही. कारण ती बिटे वापरणारे कायदेशीर संभाषण अद्याप सुरूच झाले नव्हते.

४

ते सुरू झाले २००१ साली. जालावर गर्दी झाली की राउटर पॅकेटे टाकून देतात, आणि पॅकेट हरवल्यावरून पाठविणारास कोंडीची कल्पना येते, अशी जुनी रीत होती. पॅकेट न टाकता त्यावर नुसती खूण करून कोंडीची सूचना देता येईल, या विचारातून ‘ई.सी.एन.’ म्हणजे कोंडीची प्रकट सूचना ही पद्धत निघाली. के. के. रामकृष्णन व सॅली फ्लॉइड यांनी ती जानेवारी १९९९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात मांडली. डेव्हिड ब्लॅक यांच्यासह सिद्ध केलेली तिची प्रमाण संहिता सप्टेंबर २००१ मध्ये ‘आर.एफ.सी. ३१६८’ म्हणून प्रसिद्ध झाली. या पद्धतीने टीसीपीच्या सहा राखीव बिटांपैकी दोन उपयोगात आणली. जागा ज्यासाठी राखली होती तो पाहुणा वीस वर्षांनी आला, असे म्हणता येईल.

४ जानेवारी २००१ रोजी लिनक्सची २.४.० ही आवृत्ती बाहेर पडली. कर्नेल बांधताना ई.सी.एन.चा पर्याय निवडला, तर तो यंत्र संभाषणाच्या पहिल्याच पॅकेटात ती दोन बिटे लावी. परिणाम तात्काळ दिसला. काही संकेतस्थळांकडून उत्तरच येईना. तर काहींकडून ‘संभाषण बंद’ असा साफ नकार येऊ लागला. समोरच्या सर्व्हरला पुष्कळदा याची वार्ताही नसे. नकार त्याच्या दारावरील फायरवॉलने त्याच्या नावे दिलेला असे. जितेंद्र पाध्ये व सॅली फ्लॉइड यांनी दुरून सर्व्हरांचे टीसीपी-वर्तन तपासण्याचे एक साधन याच सुमारास तयार केले होते, आणि त्याच्या चाचण्यांतून हा प्रकार तुरळक नसल्याचे दिसून आले.

आता प्रश्न असा की, बदलावे कोणी? लिनक्सच्या जालविषयक भागाची जबाबदारी सांभाळणारे डेव्हिड मिलर यांनी २००१ साली लिनक्स-विकासाच्या पत्रव्यवहाराचा सर्व्हरच ई.सी.एन. सुरू करून चालविला. ज्यांचे फायरवॉल सदोष असतील त्यांना पत्रे पोहोचणार नाहीत व ते आपणहून दुरुस्ती करतील, ही त्यामागील भूमिका होती. सॅली फ्लॉइड यांनी ऑगस्ट २००२ मध्ये ‘आर.एफ.सी. ३३६०’ लिहून, राखीव बिटांवरून संभाषण तोडणे अनुचित आहे, असे सविस्तर प्रतिपादन केले. न्यायाची बाजू उघडपणे त्यांचीच होती. उत्पादकांच्या बाजूने एवढेच म्हणता येई की, लिनक्सची आवृत्ती निघाली तेव्हा नवी पद्धत प्रायोगिकच होती. प्रत्यक्षात मात्र न्यायाचा खर्च तिसऱ्याच माणसावर पडला. ज्याचे पान उघडत नव्हते त्याने कर्नेलही लिहिला नव्हता व फायरवॉलही बनविला नव्हता. त्याच्यापुढे मार्ग एकच होता: ई.सी.एन. बंद करणे. लिनक्सचे वितरण करणाऱ्यांनीही सामान्यतः तोच मार्ग पत्करला. २००९ च्या २.६.३१ या आवृत्तीपासून लिनक्सने मध्यममार्ग स्वीकारला: समोरच्याने ई.सी.एन. मागितल्यास मान्य करावयाचे, स्वतः होऊन मागावयाचे नाही. सर्वांनी उत्तर द्यावे पण प्रथम बोलू नये, असा हा नियम झाला. आणि सर्वांनीच तो पाळल्यास संभाषण कधी सुरूच होणार नाही, हे सांगावयास नको.

५

दुसरे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. टीसीपीत स्वीकारणारे यंत्र वेळोवेळी कळविते की, पोच मिळण्यापूर्वी इतकी बाइटे पाठविलीस तरी चालेल. या मर्यादेस ‘विंडो’ म्हणतात. १९८१ च्या शीर्षभागात तिच्यासाठी सोळा बिटांची जागा होती. म्हणून तिची कमाल ६५,५३५ बाइटे. पॅकेट जाऊन पोच परत येण्यास पाव सेकंद लागत असेल, तर मार्ग कितीही रुंद असला तरी या मर्यादेमुळे सेकंदास सुमारे २ मेगाबिटांपलीकडे जाता येत नाही. ही अडचण ओळखून मे १९९२ च्या ‘आर.एफ.सी. १३२३’ ने गुणकाची सोय केली. संभाषणाच्या आरंभी प्रत्येक यंत्राने एक घातांक कळवावा, आणि पुढे लिहिलेल्या प्रत्येक विंडोस दोनाच्या तितक्या घाताने गुणावे. घातांक ७ असेल तर गुणक १२८. घातांक मात्र एकदाच, आरंभीच सांगावयाचा. त्याची पुनरुक्ती नाही.

वाटेवरील काही राउटर हा घातांक समजून न घेता त्याच्या जागी शून्य लिहीत. त्यांनी ती सूचना समूळ गाळली असती तर नुकसान झाले नसते. कारण सूचना न मिळाल्यास दोन्ही यंत्रे गुणकाविना बोलतात. सूचना राहू देऊन तिचे मूल्य तेवढे बदलल्यामुळे दोन्ही बाजूंची समजूत अशी होई की, आपणा दोघांत गुणक ठरला आहे. परंतु तो किती, याविषयी दोघांचे मत भिन्न असे. आपली विंडो ५,८४० बाइटांची आहे हे सांगण्यासाठी एक यंत्र, १२८ ने भागून, ४५ हा आकडा लिही; दुसरे यंत्र तो ४५ बाइटे असाच वाची. पाव सेकंदाच्या फेरीत ४५ बाइटे, या गतीने एक लाख बाइटांचे पान यावयास नऊ मिनिटांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात त्यापूर्वीच संभाषण खुंटे. जुन्या दस्तऐवजांच्या अभ्यासकास हा प्रकार परिचित आहे. परिमाण लिहिलेले नसले तर वाचक सावध राहतो. चुकीचे परिमाण लिहिलेले असले तर तो निःशंक मनाने चुकतो.

घातांक लहान होता तोवर हे राउटर खपून गेले. २००४ च्या मध्यास, २.६.८ या आवृत्तीची सिद्धता चालू असता, लिनक्सने अधिक मोठा घातांक मागावयास आरंभ केला आणि तक्रारी आल्या. जुलै २००४ मध्ये या प्रश्नावर लिनक्सच्या विकासकांत चर्चा झाली. घातांक आवरता ठेवून उपयोगकर्त्यांची अडचण टाळावी, असा एक पक्ष होता. सदोष राउटरांसाठी निर्दोष कर्नेलने माघार घेऊ नये, असा दुसरा. प्रश्न तात्पुरता मागे पडला, तो जून २००६ च्या २.६.१७ या आवृत्तीबरोबर पुन्हा उभा राहिला. या आवृत्तीत विंडोसाठी राखावयाच्या स्मृतीची कमाल मर्यादा यंत्राच्या स्मृतीनुसार ४ मेगाबाइटांपर्यंत वाढविण्यात आली. घातांक ६ धरल्यास ६५,५३५ गुणिले ६४ म्हणजे ४१,९४,२४० बाइटे होतात. ४ मेगाबाइटे म्हणजे ४१,९४,३०४ बाइटे. अवघी ६४ बाइटे कमी पडल्यामुळे घातांक ७ घ्यावा लागला. पुन्हा मोजकी संकेतस्थळे बंद पडली, आणि पुन्हा दोष नव्या कर्नेलवर आला.

६

या दोष-शोधनाची रीत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अनोळखी वाटू नये. एखाद्या बोलीत दोन ध्वनी अर्थभेदक आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी लघुतम युग्म शोधावे लागते: एकाच स्थानी भेद असलेले, बाकी सर्व समान असलेले दोन शब्द. येथेही तेच करावे लागते. यंत्र तेच, मार्ग तोच, संकेतस्थळ तेच. भेद एकाच गोष्टीचा, जुना कर्नेल की नवा. लिनक्समध्ये आरंभीच्या यादीतून जुना कर्नेल निवडण्याची सोय सामान्यतः राखलेली असते, ती याच कामी येते. त्यानंतर नव्या कर्नेलमध्येच ई.सी.एन. व विंडोचा गुणक या सोयी एकेक करून बंद करून पाहाव्या. जी बंद करताच पान उघडते, ती भेदक.

भेद कोठे आहे हे कळल्यावर त्याचे स्वरूप पाहण्यासाठी प्रत्यक्ष पॅकेटांचे निरीक्षण करावे लागते. त्यासाठी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास निर्माण झालेले टीसीपीडंप हे साधन अद्याप उपयोगात आहे. पहिले पॅकेट जाते आणि उत्तरच येत नाही, किंवा तत्काळ नकार येतो, तर राखीव बिटांचा संशय घ्यावा. आरंभीची देवघेव पार पडते पण मजकूर ठिबकत येऊन थांबतो, तर गुणकाचा. तिसरी एक शक्यता यांहून निराळी असून तिचा कर्नेलशी संबंध नसतो: लहान उत्तरे येतात, मोठी मुळीच येत नाहीत. सामान्य जालात पॅकेटाची कमाल लांबी १,५०० बाइटे असते. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये पीपीपीओई या वेष्टनाची आठ बाइटे वजा जाऊन ती १,४९२ होते. ‘पॅकेट मोठे आहे, लहान करून पाठवा’ हा राउटरचा निरोप एखाद्या फायरवॉलने अडविला, की मोठी पॅकेटे नाहीशी होतात व पाठविणारास कारण कळत नाही. येथेही दोष निरोप अडविणाऱ्या मध्यस्थाचाच असतो. तिन्ही प्रकारांत रोगी एकच तक्रार सांगतो, ‘पान उघडत नाही’. निदान मात्र तीन.

डहाणूच्या एखाद्या महाविद्यालयातील संगणकशाळेत हे निदान अशक्य नाही. त्यास लागणारी साधने विनामूल्य आहेत. अशक्य आहे ती दुरुस्ती. कारण सदोष यंत्र शेकडो मैलांवर, दुसऱ्याच्या ताब्यात असते. निदान करणारास उरतो तो एकच उपाय: नवी सोय बंद करून जुन्या भाषेत बोलणे. जो नियमाने वागला त्यानेच माघार घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी असाच शहाणपणा करतो, आणि या सर्वांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे नव्या सोयीचा मृत्यू.

७

पुढील दशकात या अवस्थेस नाव मिळाले: संकेतांचे ‘अस्थिभवन’. मिचिओ होंडा व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली टीसीपीत अद्याप नवी भर घालता येईल काय, हाच प्रश्न विचारून अनेक मार्गांची चाचणी घेतली. उत्तर संमिश्र होते: भर घालता येईल, परंतु मध्यस्थांचे वर्तन गृहीत धरूनच. यानंतर उपायांचे तीन प्रकार दिसतात.

पहिला तडजोडीचा. २०१५ साली लिनक्समध्ये अशी व्यवस्था आली की, ई.सी.एन.सह केलेल्या आरंभास उत्तर न आल्यास कर्नेल आपणहून त्याविना पुन्हा प्रयत्न करतो. त्याच वर्षी ॲपल कंपनीने आपल्या प्रणालींत ई.सी.एन. मागण्यास आरंभ केला. दुसरा उपाय वेषांतराचा. ऑगस्ट २०१८ मध्ये सिद्ध झालेला टीएलएस १.३ हा गुप्ततेचा संकेत, मध्यस्थांना संशय येऊ नये म्हणून, शीर्षभागी स्वतःस १.२ म्हणवून घेतो. आणि मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा संकेत आपला बहुतेक शीर्षभागच गुप्त लिपीत लिहितो. ज्यास वाचता येत नाही त्यास चुकीचे वाचता येत नाही, हे त्यातील तत्त्व.

तिसरा उपाय सर्वांत मार्मिक आहे. जानेवारी २०२० च्या ‘आर.एफ.सी. ८७०१’ ने अशी रीत घालून दिली की, राखीव मूल्यांपैकी काही मूल्ये पाठविणाराने अधूनमधून निष्कारण वापरीत राहावे. त्यांना अर्थ नाही. परंतु ती नित्य दिसत राहिल्यामुळे अनोळखी मूल्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय समोरच्यास राहते. वहिवाट मोडू नये म्हणून पायवाटेवरून अधूनमधून चालत राहावे, तसे हे आहे. जो हक्क वापरला जात नाही तो कागदावर राहतो व व्यवहारातून जातो, ही गोष्ट पायवाटेइतकीच बिटांनाही लागू पडली.

मूळ वाक्याची दुरुस्ती या सर्वांच्या शेवटी झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आर.एफ.सी. ९२९३’ ने १९८१ च्या संहितेची जागा घेतली. तीत राखीव बिटांविषयीच्या विधानास दोन पाय आले आहेत: पाठविणाराने ती शून्य ठेवावी, आणि ज्यास त्यांचा उपयोग ठाऊक नाही अशा स्वीकारणाराने त्यांकडे दुर्लक्ष करावे. एक्केचाळीस वर्षे लुप्त असलेला कर्ता वाक्यात परत आला. दुरुस्ती एका वाक्याची. परंतु तिच्या अभावी किती पाने किती लोकांना दिसली नाहीत, याची मोजदाद करता येणार नाही.

डहाणू-तलासरीच्या जंगलाशी घातलेली तुलना मर्यादा ओळखूनच घेतली पाहिजे. फायरवॉलच्या बंदीने कोणाचा राब गेला नाही, आणि राखीव जंगलाची बंदी हा केवळ वाचनाचा प्रमाद नव्हता. तीमागे सत्ता व महसूल यांचे हेतू होते. तरी एक साम्य टिकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करावयाचे ठरविले, तेव्हा त्यासही हेच करावे लागले: दावा कोणी करावयाचा, तो कोणी तपासावयाचा व मान्यता कोणी द्यावयाची, हे कर्ते नामनिर्देशाने सांगावे लागले. ‘राखीव’ एवढेच लिहून थांबणारा नियम आपला अर्थ पहारेकऱ्याच्या हाती सोपवितो. आणि पहारेकरी, त्याचा स्वभाव पाहता, मौनाचा अर्थ बहुधा बंदी असाच करतो. संहिता लिहिणाराने, मग ती जमिनीची असो वा यंत्रांची, राखलेली जागा कोणासाठी आहे आणि तीत कोणी आल्यास दाराशी उभ्या असलेल्याने काय करावे, या दोन्ही गोष्टी लिहून ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.